सरकारी पूरविमा आला कुठून, आणि वाशिष्ठीपर्यंत का पोचला नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की वाशिष्ठी नदीकाठच्या चिपळूणच्या बाजारपेठेत दोन कामं सुरू होतात. खालच्या फळीवरचा माल वर चढतो आणि विम्याची चौकशी सुरू होते. मी जनरल इन्शुरन्सची एजन्सी करतो आणि घरचं दुकानही बाजारपेठेतच आहे, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचं ऐकावं लागतं. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर एक प्रश्न हमखास येतो: "अमेरिकेत म्हणे सरकारच पुराचा विमा देतं, स्वस्तात देतं. मग आपल्याकडे का नाही?" त्या एका प्रश्नाला गेल्या काही वर्षांत फुटलेले फाटे इथे एकत्र केले आहेत.

आगीचा विमा कंपन्या आनंदाने देतात. पुराच्या विम्याला सरकार कशाला लागतं?

चिंचनाक्याजवळची शंभर दुकानं धरा. वर्षाकाठी एखाद्या दुकानात शॉर्टसर्किट होतं आणि बाकी नव्व्याण्णव जणांच्या हप्त्यातून त्याची भरपाई निघते. पूर आला की शंभरच्या शंभर जण एकाच दिवशी दावा घेऊन उभे. मग भरपाई काढायची कोणाच्या हप्त्यातून?

दुसरी अडचण त्याहून चिवट आहे. पुराचा विमा मागायला कोण येतं? पेठमापातला येतो, शंकरवाडीतला येतो. वर परशुरामला राहणारा कशाला येईल? त्याच्या दारात वाशिष्ठी चढायची तर अर्धं कोकण बुडावं लागेल. उंचावरचे आले नाहीत की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की मधल्या उंचीवरचे गळतात, आणि शेवटी फक्त नदीला लागून असलेले उरतात. त्यांचा खरा हप्ता काढला तर दुकान विकून भरावा लागेल.

अमेरिकेत हा धडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच मिळाला होता. मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांच्या काठच्या मालमत्तांना पुराचा विमा देण्याचं धाडस इलिनॉय राज्यातल्या एका कंपनीने केलं. १८९९ च्या पुरात कंपनी बुडालीच, वर तिचं मुख्य कार्यालयही पाण्याने नेलं, असं तिथल्या विम्याच्या इतिहासात सांगतात. आमच्या धंद्यातल्या नव्या पोरांना मी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो. पुढे १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली, आणि त्यानंतर खासगी कंपन्यांनी पुराच्या विम्यातून जवळपास अंग काढून घेतलं. ते पुढची चार दशकं तसंच राहिलं.

मग सरकार मध्ये कधी पडलं?

लगेच नाही. १९२७ नंतर पहिली पंचवीस वर्षं सगळा भर बंधाऱ्यांवर आणि धरणांवर होता. १९५१ च्या जुलैत कॅन्सस नदीला पूर आला, कॅन्सस सिटीची वाट लागली, तेव्हा अध्यक्ष ट्रुमन यांनी सरकारी पूरविम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. तो बारगळला. १९५५ मध्ये दोन वादळांनी ईशान्येकडची राज्यं झोडपली आणि १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात पूरविम्याचा कायदा चक्क मंजूर झाला. गंमत पुढे आहे. कायदा झाला, पण संसदेने त्यासाठी पैसेच दिले नाहीत. एकही पॉलिसी न विकता योजना मेली. घोषणा होते आणि तरतूद होत नाही हा प्रकार फक्त मंत्रालयातच घडतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

खरी सुरुवात कुठल्या शहरामुळे झाली?

न्यू ऑर्लिन्समुळे. मिसिसिपीच्या मुखाजवळचं शहर, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन नावाचं मोठं खारं सरोवर, मधे बशीसारखा खोलगट भाग. वाशिष्ठी, शिवनदी आणि खाडीची भरती यांच्या मधे बसलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

९ सप्टेंबर १९६५ च्या रात्री बेट्सी नावाचं चक्रीवादळ तिथे आलं. बंधारे फुटले, खालच्या वस्त्यांमध्ये घरांच्या छपरांपर्यंत पाणी गेलं, माणसं माळ्यावर चढली आणि काही तिथेच अडकली. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष लिंडन जॉन्सन शहरात पोचले. नुकसान १०० कोटी डॉलरच्या वर गेलं. त्या देशात एका वादळाने एवढं नुकसान करण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून त्याला 'बिलियन डॉलर बेट्सी' असं नावच पडलं.

विम्याच्या दृष्टीने खरा घोळ नंतर सुरू झाला. बऱ्याच घरांना विमा होता, पण तो वाऱ्याचा होता. छप्पर उडालं तर पैसे, पाणी शिरलं तर काही नाही. मग प्रत्येक घरात एकच भांडण: आधी वाऱ्याने पाडलं की आधी पाण्याने? चाळीस वर्षांनी कतरिना वादळ आलं तेव्हाही तिथे हेच भांडण चाललं होतं. आपल्याकडे निदान ही डोकेदुखी कमी आहे, कारण आपल्या आगीच्या पॉलिसीत वादळ आणि पूर एकाच कलमात बसतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कौलं आणि पत्रे उडाले तेव्हा ज्यांची पॉलिसी होती त्यांना 'वारा की पाणी' हे सिद्ध करत बसावं लागलं नाही.

बेट्सीनंतर मदतीचा जो कायदा झाला, त्यातच पूरविम्याचा अभ्यास करण्याचा आदेश होता. १९६६ मध्ये अहवाल आले आणि १ ऑगस्ट १९६८ रोजी राष्ट्रीय पूरविमा कायद्यावर जॉन्सन यांची सही झाली.

म्हणजे वादळ आलं, सरकारला दया आली आणि स्वस्त विमा मिळाला. एवढंच ना?

इथेच सगळ्यांची गल्लत होते, म्हणून या उत्तराला जरा वेळ देतो.

गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक भूगोलतज्ज्ञ होते. पूर ही देवाची करणी असली तरी पुराचं नुकसान बहुतांशी माणसाची करणी असते, हे त्यांचं म्हणणं १९४० च्या दशकापासूनचं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. बंधारा बांधला की लोकांना वाटतं धोका गेला. मग ते बंधाऱ्याच्या आड आणखी घरं बांधतात, आणि बंधाऱ्यावरून पाणी गेलं की पूर्वीपेक्षा जास्त नुकसान होतं. १९६६ च्या एका सरकारी कृतिगटाचे ते अध्यक्ष होते. त्या गटाने बजावलं की पूरविमा नीट आखला नाही तर तो बंधाऱ्यासारखाच वागेल. स्वस्त हप्ता हातात आला की माणूस नदीत पाय सोडून घर बांधेल.

म्हणून १९६८ च्या कायद्यात देवाणघेवाण ठेवली. सरकार म्हणालं, आम्ही हप्त्यात सवलत देतो. बदल्यात तुमच्या गावाने पुराच्या पट्ट्यात काय बांधायचं आणि किती उंचीवर बांधायचं याचे नियम करायचे आणि पाळायचे. हा सौदा वेगवेगळ्या माणसांशी नव्हता, सगळ्या गावाशी होता. गाव सामील झालं तरच गावातल्या माणसाला पॉलिसी. नवीन घराचं जोतं शंभर वर्षांच्या पुराच्या पातळीच्या वर हवं, ही त्यातली मुख्य अट.

विमा हे आमिष होतं आणि पुराच्या पट्ट्याच्या नकाशावरची रेषा हा गळ. हे मी हेटाळणीने म्हणत नाही. गोवळकोटच्या खाडीत मासे धरणाऱ्याला विचारा, नुसत्या गळाला मासा लागत नाही.

सवलत सगळ्यांना होती का?

नाही. जी घरं नकाशा येण्याआधी उभी होती त्यांनाच. त्यांच्या मालकांना धोका ठाऊक नव्हता, असं कायद्याने धरून चालायचं ठरवलं. नकाशा आल्यावर जो बांधेल त्याने धोक्याप्रमाणे पूर्ण हप्ता भरायचा. जुनी घरं हळूहळू मोडकळीला येतील, नवी उंच बांधली जातील आणि सवलत आपोआप संपेल, असा अंदाज होता. सुरुवातीला मर्यादाही छोट्या होत्या, एका कुटुंबाच्या घराला १७,५०० डॉलर आणि आतल्या सामानाला ५,००० डॉलर.

जुनी घरं मोडकळीला येतील हा अंदाज करणाऱ्याने कोकणातलं घर कधी पाहिलं नसावं. मोडकळीला आलेल्या घरात तीन पिढ्या राहतात.

लोकांनी उड्या मारल्या असतील ना?

अजिबात नाही. १९६९ च्या जूनमध्ये पहिल्या दोन वस्त्या दाखल झाल्या. एक न्यू ऑर्लिन्सला लागून असलेलं मेटेरी, आणि दुसरं थेट अलास्कातलं फेअरबँक्स, ज्याला १९६७ च्या ऑगस्टमध्ये चेना नदीने बुडवलं होतं. पहिल्या वर्षभरात देशात चार वस्त्या आणि मोजून वीस पॉलिसी. वीस! माझ्या एजन्सीतसुद्धा एका मे महिन्यात त्याहून जास्त होतात.

कारण नकाशा. गावाचा पुराचा सविस्तर अभ्यास झाल्याशिवाय दर ठरत नव्हता आणि दर ठरल्याशिवाय पॉलिसी नाही. नकाशे काढायला वर्षं लागणार होती आणि वादळं वाट बघत नाहीत. १९६९ च्या ऑगस्टमध्येच कॅमिल वादळाने मिसिसिपी राज्याचा किनारा साफ केला, तेव्हा विमा जवळजवळ कोणाकडेच नव्हता. डिसेंबर १९६९ मध्ये 'तातडीचा टप्पा' काढला. कच्चा नकाशा चालेल, सवलतीच्या दरात मर्यादित विमा द्या, पक्का नकाशा मागाहून येईल.

मग विमा सक्तीचा कधी झाला?

१९७२ च्या एका जून महिन्याने ते घडवलं. ९ जूनला साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत रात्रीत २३८ माणसं गेली. पुढच्या दोन आठवड्यांत अ‍ॅग्नेस वादळाने पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीकाठची शहरं बुडवली. विमा उपलब्ध होता, पण घेतलेला अगदी मोजक्यांनी. ज्यांनी घेतला नाही त्यांना सरकारने स्वस्त कर्जं आणि मदत दिलीच. मग पुढच्या वेळी विमा कोण घेणार?

३१ डिसेंबर १९७३ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. पुराच्या पट्ट्यातल्या इमारतीवर कर्ज हवं असेल तर पूरविमा हवाच, नाहीतर सरकारी देखरेखीखालच्या बँकांनी कर्ज द्यायचं नाही. योजनेत नसलेल्या गावांची सरकारी मदतही अडवली. परिणाम बघा: १९७७ पर्यंत पॉलिसी दहा लाखांच्या पुढे. वीसपासून दहा लाख. भाषणं देऊन, पत्रकं वाटून जे झालं नाही ते बँकेच्या एका कागदाने केलं.

रॅपिड सिटीने मात्र वेगळी वाट धरली, आणि मला तीच जास्त आवडते. त्यांनी ओढ्याकाठची पडलेली घरं तिथेच पुन्हा बांधू दिली नाहीत. तो पट्टा बागा आणि मैदानांसाठी मोकळा ठेवला. अशा पट्ट्याला विम्याची गरजच पडत नाही.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे काय? आपल्याकडे २००५ ला आला, २०२१ ला परत आला.

या शब्दाने जगभर घोटाळा केलाय. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता असलेला पूर. येऊन गेला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी मिळत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात २६ होते.

आपल्याकडे जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला हिशोब तीस वर्षांच्या मुदतीसाठी केला तर शक्यता शंभरात ७० च्या वर जाते. ग्राहकाला हा आकडा सांगितला की तो आधी हसतो, मग कॅलेंडरकडे बघतो.

आमच्या दुकानाच्या भिंतीवर वडिलांनी २६ जुलै २००५ च्या पाण्याची खूण कोळशाने केली होती. "याच्यावर येत नाही" असं ते सोळा वर्षं सांगत होते. २०२१ ला ती खूण पाण्याखाली गेली.

चिपळुणात निळ्या-लाल रेषेला एवढा विरोध का झाला? अमेरिकेत लोक मान्य करतात ना?

मान्य बिन्य काही करत नाहीत. तिथेही नकाशा बदलला की दावे-प्रतिदावे होतात, खासदारांच्या दारात मोर्चे जातात. २०१२ मध्ये तिथल्या संसदेने सवलती झपाट्याने कमी करणारा कायदा केला आणि २०१४ मध्ये लोकांच्या ओरडीपुढे तो बराचसा मागे घेतला.

पण एक फरक आहे. तिथे रेषेबरोबर काहीतरी हातात मिळालं. आपल्याकडे निळ्या रेषेच्या आत बांधकामाला जवळपास बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे जोतं उंच ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी. म्हणजे अट जवळपास तीच जी १९६८ मध्ये तिकडे घातली होती. बदल्यात काय? सवलतीचा विमा नाही. जुनं घर उंच करायला अनुदान नाही. बाजारपेठेतल्या माणसाच्या वाट्याला येते ती जमिनीची पडलेली किंमत आणि पुनर्बांधणीत अडकलेली फाइल. सौद्यातला गळ तेवढा आपल्याकडे आला, आमिष तिकडेच राहिलं.

मला विचाराल तर रेषा चुकीची नाही. नदीला तिची जागा लागते. पण ज्या गावाची सगळी पेठच रेषेच्या आत आहे त्या गावाला नुसती रेषा दाखवणं म्हणजे बुडणाऱ्याला खोलीचा आकडा सांगणं.

आपल्या देशात सरकारी अनुदानाचा विमा मुळात आहे का?

आहे, पण पिकाला. आणि त्याच्या सुरुवातीला एक मराठी माणूस आहे.

१९७२-७३ मध्ये गुजरातमध्ये एच-४ जातीच्या कापसाचा विमा करून बघितला, प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजून. ते परवडेना. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्यावर उपाय मांडला: शेतकरी मोजू नका, परिसर मोजा. एकसारख्या पट्ट्यात सरासरी उत्पन्न पडलं तर त्या पट्ट्यातल्या सगळ्या विमाधारकांना त्या प्रमाणात भरपाई. १९७९ मध्ये जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनने याच पायावर प्रायोगिक योजना सुरू केली. लहान शेतकऱ्यांच्या हप्त्याचा निम्मा भार केंद्र आणि राज्य यांनी वाटून घेतला. १९८५ मध्ये ती देशपातळीवर मोठी झाली आणि पीककर्जाला जोडली गेली. बँकेच्या कागदाची युक्ती इथेही कामाला आली. १९९९ मध्ये नवी योजना, २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना. तिच्यात खरीप पिकाला शेतकऱ्याचा वाटा २ टक्के.

कोकणात आंबा आणि काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, तिथे शेतकऱ्याचा वाटा साधारण ५ टक्के. तो अवकाळी पाऊस, तापमान असल्या नोंदींवर चालतो, पुरावर नाही. भाताची गोष्ट आणखी अजब. शेतात पाणी साचून झालेल्या नुकसानीतून भात २०१८ मध्ये वगळलं गेलं, कारण भाताला पाणी चालतं! आठवडाभर चिखलाखाली दबलेल्या लोंब्यांना हे कोणी समजावलं असेल देव जाणे. खरीप २०२६ पासून ते पुन्हा घेण्याचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं.

म्हणजे शेताला अनुदान आणि दुकान-घराला काहीच नाही?

हप्त्यात अनुदान नाही. विमा मात्र आहे, आणि बऱ्याच जणांना वाटतो तेवढा महाग नाही. भारतात पुराची वेगळी पॉलिसी शोधू नका. ती आगीच्या पॉलिसीच्या पोटात असते. वादळ, पूर, पाणी भरणं हे सगळं एका कलमात येतं.

पूर्वी हे कलम वगळलं की हप्त्यात थोडी सूट मिळायची. आमच्याच पेठेत कितीतरी जणांनी त्या सुटीपायी पूर वगळून आगीचा विमा घेतला. नदीकाठी दुकान आणि विमा फक्त आगीचा!

१ एप्रिल २०२१ पासून विमा क्षेत्राच्या नियामकाने तीन प्रमाण पॉलिसी आणल्या. घरांसाठी भारत गृह रक्षा, एका ठिकाणची जोखीम ५ कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायांना भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, आणि ५ ते ५० कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा. पूर तिन्हीत आहे. पावणेचार महिन्यांनी वाशिष्ठी बाजारात आली. तेव्हा बहुतेकांना ही नावंही ठाऊक नव्हती. एजंट म्हणून त्या दोषातला माझा वाटा मी मान्य करतो. एप्रिल-मेमध्ये कोरोनामुळे दुकानंच बंद होती, आणि बंद शटरवर विमा विकायला मी गेलो नाही.

२०२१ मध्ये सरकारने मदत दिलीच की. मग विमा कशाला?

राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात कुटुंबाला १० हजार, टपरीला १० हजार, दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. किराणा दुकानाच्या तळघरात नुसता तांदूळच चार लाखांचा असतो. कापडवाल्याचं तर विचारूच नका. सणासुदीचा माल भरलेला असतो तो नेमका जुलैच्या शेवटी.

आणि काही गोष्टी अशा की ज्यांना ना मदत पुरते ना विमा. १८६४ पासूनचं आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ मध्येही भिजलं, २०२१ मध्येही. जुन्या ग्रंथाची विमा रक्कम काय लिहायची, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गाळ काढला, पात्र मोकळं केलं की पुराचा प्रश्नच मिटेल ना?

गाळ काढायलाच हवा. त्याने पाणी लवकर उतरतं आणि रोजचे लहान पूर टळतात. पण भरतीची वेळ, सह्याद्रीवरचा दोन दिवसांचा पाऊस आणि कोयनेचं अवजल (वीज तयार करून वाशिष्ठीत सोडलेलं कोयना धरणाचं पाणी) एकत्र आलं तर नुसत्या गाळकाढणीवर भिस्त ठेवून फळीवरचा माल खाली आणू नका.

अवजल सोडल्यामुळे पाणी आलं असं ठरलं तर कंपनी दावा नाकारेल?

पॉलिसीत पूर आणि पाणी भरणं असं लिहिलेलं असतं. पाणी आभाळातून आलं की धरणातून, यावर भरपाई अडत नाही. अवजलाचा वाद आपण सरकारशी घालायचा, दाव्याच्या फॉर्मवर नाही. फॉर्मवर तारीख, वेळ आणि पाण्याची उंची लिहा.

अमेरिकेची योजना आज कशी चाललीय?

रखडत. २९ ऑगस्ट २००५ ला, आपल्या २६ जुलैनंतर बरोबर ३४ दिवसांनी, कतरिनाने पुन्हा न्यू ऑर्लिन्स बुडवलं आणि योजनेला सरकारी तिजोरीतून अब्जावधी डॉलर उसने घ्यावे लागले. २०१७ मध्ये १,६०० कोटी डॉलरचं कर्ज माफ करूनही २,००० कोटींच्या वर कर्ज उरलं. सगळ्यात दुखरी जागा म्हणजे वारंवार बुडणारी घरं. विमा असलेल्यांपैकी एखाद-दुसरा टक्का घरं, पण दाव्यांच्या पैशातला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त त्यांचा. बुडालं, पैसे घेतले, तिथेच बांधलं, परत बुडालं. व्हाइट यांनी १९६६ मध्ये बजावलेलं तेच. ऑक्टोबर २०२१ पासून त्यांनी प्रत्येक घराच्या धोक्याप्रमाणे दर काढायला सुरुवात केली, त्यामुळे जुनी सवलत आता खऱ्या अर्थाने ओसरतेय.

सरकारने आपल्याकडे नवीन काही करून बघितलंय का?

नागालँडने राज्यासाठीच विमा घेतलाय. ठरावीक मापापेक्षा जास्त पाऊस पडला की पंचनाम्याची वाट न बघता राज्याच्या खात्यात पैसे. कोकणात पाऊस मोजणारी केंद्रं आहेत, नदीची पातळी मोजणारी यंत्रं आहेत, आणि नगरपालिकेने असा विमा घ्यायला माझी काही हरकत नाही. हप्ता कोण भरणार, एवढाच प्रश्न.

माझ्याकडे बँकेची पॉलिसी आहे. ती पुरेल?

कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचं कर्ज) घेतलंय म्हणून बँकेने विमा काढलाय, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ती पॉलिसी बहुधा मालापुरती असते. फर्निचर, फ्रीजर, वजनकाटा, संगणक त्यात असतीलच असं नाही. पत्ता नीट बघा. २०२१ मध्ये माझ्या ओळखीच्या एकाचा माल गोडाऊनमध्ये भिजला आणि पॉलिसीवर फक्त दुकानाचा पत्ता होता. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, पण पत्ता लिहिणारा एजंट मी नव्हतो.

विमा रक्कम कमी ठेवण्याचा मोह आवरा. तुमच्याकडे २० लाखांचा माल आहे, विमा १० लाखांचा घेतलात आणि ८ लाखांचं नुकसान झालं, तर मिळतात ४ लाख. अर्धाच माल विम्यात, म्हणून भरपाईही अर्धी. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्याहून जास्त नाही. आणि चिखल काढण्याआधी फोटो काढा. माल रस्त्यावर फेकला आणि मग नुकसान मोजणारा सर्व्हेअर आला, तर तो काय मोजणार?

गाडी पाण्यात गेली तर?

सर्वसमावेशक विमा असेल तर पूर त्यात येतो. पण पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून सुरू करू नका. इंजिनात पाणी जाऊन ते बिघडलं तर साध्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते.

मी पागडीवरचा भाडेकरू आहे. इमारत माझी नाही, मग मी काय करू?

इमारतीचा विमा मालकाने काढायचा, तुमचा माल आणि तुमचं फर्निचर तुम्ही. १९६८ च्या अमेरिकन योजनेतही सामानाची पॉलिसी इमारतीपासून वेगळी मिळायची, त्यामुळे भाडेकरूलाही ती घेता यायची. आपल्या बाजारपेठेत निम्म्याहून जास्त दुकानं पागडीवर आहेत असं माझा रोजचा अनुभव सांगतो. त्यातले बरेच जण "इमारत मालकाची, विमा मालक बघेल" या समजुतीवर चालतात. मालक मुंबईत असतो. पावती मागून बघा, असेल तर झेरॉक्स काढून ठेवा, आणि ती झेरॉक्स पोटमाळ्यावरसुद्धा नको, घरी ठेवा. आमची होती ती पोटमाळ्यावरच भिजली.